गजूभाऊंचा कान

गजूभाऊ कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वाजवून बघत. माठ, टरबूज, पितळेचा गुंड सगळेच वाजवून घेतात. गजूभाऊ मात्र दाराची फळी वाजवत, पाण्याची टाकी वाजवत. मी नवीन कपाट आणलं तेव्हा ते बघायला आले, मागच्या पत्र्यावर बोटांनी थाप मारली आणि म्हणाले, "पत्रा पातळ देला सर तुमाले. नाकात बोलून राह्यला."

रिसोडच्या शाळेत गणित शिकवायला मी आलो तेव्हा त्यांच्या घरासमोरच मला भाड्याचं घर मिळालं. गावाला लागून त्यांचा मळा होता. त्यात हळद, आणि कडेने वांगी-मिरची. पन्नाशी उलटलेली, उंच बांधा, चालताना मान किंचित डावीकडे कललेली. सतत काहीतरी ऐकतोय असा माणूस. हळदीने त्यांची नखं बारा महिने पिवळी असत. ती नखं घेऊन ते गुरुवारी भजनी मंडळात मृदंगावर बसत. बसण्याआधी साबणाने हात धूत, डाव्या पुडीला, म्हणजे धुमाला, कणीक लावत, थोडी काढत, परत लावत. बाकीचे टाळकरी कंटाळून जात. "गजू, लाव ना आता," असं कोणी म्हणालं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आवाज मोठा असून काय कामाचा? भरीव पायजे."

या कानापायी घरच्यांना पुष्कळ सोसावं लागलं. एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. डीजेवाल्याचा एक भोंगा फाटलेला होता. आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. गजूभाऊ पंगतीत बसले, पहिला घास उचलला, तसाच ताटात ठेवला आणि उठले. "फाटक्या आवाजात मले जेवन जात नाही." नवरीचा बाप मागे धावला. त्याला वाटलं मानपानात काही चुकलं. शकुनवहिनी बिचाऱ्या अर्धी पुरी हातात घेऊन उभ्या राहिल्या, आणि नवऱ्यामागून मान खाली घालून निघाल्या. परतीच्या वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या कानाची लाज मीच कायले वागवू?" गजूभाऊ मोकळे हसले. लाज ही वस्तू तोवर त्यांच्या अंगाला लागलीच नव्हती.

वर्षाचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, आसेगावला लग्न झालं. पुढच्या हंगामात हळद चांगली पिकली, आणि गजूभाऊंनी पुण्याच्या कुण्या डॉक्टरची जुनी गाडी आणली. लाल, बुटकी, दोन दारांची, टर्बो इंजिनाची. तरुणपणी अकोल्याच्या रस्त्यावर त्यांनी तशी एक गाडी जाताना ऐकली होती. पाहिली नाही, ऐकली. त्या वेळी ते रस्त्यालगतच्या शेतात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आड पाणी पीत बसले होते. तो आवाज त्यांनी तेव्हापासून तोंडाने काढून दाखवायचा सराव ठेवला होता.

गाडी दारात लागली तेव्हा गल्ली गोळा झाली. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागे. शकुनवहिनींनी एकदा बसून पाहिलं आणि उतरल्यावर म्हणाल्या, "या वयात अशी गाडी! जावयाच्या दारात मी कोन्त्या तोंडानं उतरू?"

"तोंडानं नोको, डाव्या दारानं उतर," गजूभाऊ म्हणाले.

पण आठ-दहा दिवसांत त्यांचा चेहरा पडला. गाडी पळायची छान, पण बोलायची नाही. कंपनीने तिच्या पोटाखाली दोन डबे बसवून आवाज पार दाबून टाकला होता. "गाडी वाघाची अन् आवाज बकरीचा," ते म्हणत. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू झाली. सायलेन्सर, हेडर, एअर फिल्टर, इंजिनाच्या मेंदूला नव्याने शिकवणं. संध्याकाळी मी वह्या तपासत असलो की ते ओट्यावर येऊन बसत आणि मला विचारत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना कोणीतरी ऐकणारं हवं होतं, एवढंच.

शेवटी एका रविवारी मला घेऊन ते अकोल्याला गेले. तिथे इम्रानभाई म्हणून एक जण अशाच गाड्यांची कामं करत असे. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये भिंतीवर स्टीलचे पाइप आणि डबे टांगलेले. इम्रानभाई स्टुलावर बसून एका तरुण गिऱ्हाइकाशी बोलत होता. गजूभाऊंनी त्याला नमस्कार केला आणि सरळ भिंतीपाशी जाऊन एकेक डबा बोटाच्या पेराने वाजवायला लागले.

"काका, ये कोई मटका है क्या?" इम्रानभाई हसला.

"तुमी तुमचं बोला. मी ऐकून राह्यलो."

मग इम्रानभाईने समजावून सांगितलं, आणि तो काही फसवणारा माणूस नव्हता हे मी सांगायला हवं. तो म्हणाला, आधी टायर आणि ब्रेक चांगले घ्या. पळवायची त्याआधी थांबवता आली पाहिजे. गजूभाऊंनी ते मुकाट्याने मान्य केलं. मग म्हणाला, इंजिनाला श्वास मोकळा द्यायचा तर दोन्हीकडून द्यावा लागतो, पुढून हवा घ्यायला मोठा फिल्टर, मागून धूर सोडायला रुंद पाइप. धूर साफ करणारा पुढचा डबा काढू नका, तो कायद्याने लागतो. मधला डबा ठेवलात तर आवाज गोल राहील, काढलात तर गाडीत बसून डोकं दुखेल.

"ठेवू," गजूभाऊ म्हणाले. "धुमाशिवाय मृदंग काय कामाचा?"

शेवटी इम्रानभाईने एक पाइप काढून समोर ठेवला. त्यात एक झडप होती. गाडीत बटण, दाबलं की झडप बंद, गाडी मूळच्यासारखी गप्प. परत दाबलं की उघडी. "गाँव में बंद रखो, हायवे पे खोलो. अच्छे घर के लोग यही लेते हैं."

गजूभाऊंनी तो पाइप हातात घेऊन उलटापालटा केला आणि खाली ठेवला. "हे दोन तोंडाचं काम हाये. लोकायपाशी एक बोलाचं अन् रस्त्यावर एक. मले असा मानूस आवडत नाही, तं पाइप कसा आवडन?" त्यांनी दुसरा निवडला. सरळ, झडपेविना, वाजवल्यावर खालच्या सुरात बराच वेळ घुमत राहणारा.

काम पुरं झालं त्या दिवशी इम्रानभाईने इंजिनाच्या मेंदूला लॅपटॉप जोडला. ताकद वाढवणारी नवी आज्ञावली भरता भरता त्याने विचारलं, "पॉप्स भी डाल दूँ?" ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थोडं पेट्रोल पाइपमध्ये जाऊन जळतं आणि मागे फट्‌फट् आवाज होतो, पोरांना आवडतं, म्हणाला. गजूभाऊंचं तोंड वाकडं झालं. पण त्याने शेडबाहेर करून दाखवलं. गाडीचा आवाज गुरगुरत वर चढला, त्याने पाय काढला, आणि मागून अगदी मोजून तीन आवाज आले.

गजूभाऊंनी टाळी वाजवली. "सर, ही तं तिहाई हाये! तीनदा बोल अन् समेवर!" डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "राहू द्या. हे राहू द्या."

परत येताना ते घाटात मुद्दाम गिअर खाली घेत आणि तिहाई झाली की माझ्या मांडीवर थाप मारत. एवढा आनंदी माणूस मी क्वचित पाहिला आहे.

पुढे तो आवाज रिसोडच्या ओळखीचा झाला. भाजीबाजारात लोक म्हणत, गजूभाऊ निघाले मळ्यातून. काही जण कुरकुरत. एका शेजाऱ्याची म्हैस पान्हा चोरते अशी तक्रार आली. गजूभाऊंनी त्याच्या गोठ्यावरून जाणं बंद केलं, लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. वर्षा माहेरी आली की गाडीत बसायला नको म्हणे. "बाबा, बसस्टँडवर या, पण गाडी बाहेर ठेवा. लोक पाह्यतात." ते हसून म्हणत, "पाह्यतात तं पाहू दे. ऐकाले शिकतीन."

त्याच उन्हाळ्यात वर्षाचे सासरे गेले. पुंडलिकराव. पन्नाशीचा धडधाकट माणूस, संत्र्याच्या बागेला पाणी देताना छातीत कळ आली आणि तिथेच संपला. फोन आला तेव्हा गजूभाऊ मळ्यात होते, मोबाइल घरी. त्यांना शोधून आणेपर्यंत बराच वेळ गेला. जावई महेश फोनवर म्हणत होता, "मामा, लवकर या, वाट पाहून राह्यलो." ते मला म्हणाले, "सर, चला संगं. माझं चित्त थाऱ्यावर नाही." मी पुढे बसलो, शकुनवहिनी मागे. वाशीम मागे पडलं. गजूभाऊंनी गाडी जोरात घेतली होती, पण त्यात हौस नव्हती. व्याह्याचं तोंड दिसावं एवढ्यासाठीच जीव लागून राहिला होता.

उन्हाच्या तडाख्यात प्रेत फार वेळ ठेवता येईना, म्हणून गावच्या जाणत्यांनी उचललं होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं. आसेगावच्या वेशीबाहेरच्या वस्तीत एक वळण आहे. गजूभाऊंनी ते वळण घेतलं आणि समोर रस्ताभर मयत. पुढे खांद्यावर तिरडी, मागे माणसं, आणि त्यांच्याही मागे, वेशीपाशी थांबलेल्या बायका. गजूभाऊंनी पाय काढला, गिअर खाली घेतला. गाडी आवरायची त्यांच्या हातापायांची सवयच तशी होती.

फट्. फट्. फट्.

पुढच्या खांद्याचा माणूस दचकून खाली बसला. तिरडी कलली. चार-सहा हात धावले आणि तिला धरलं, पण पुंडलिकरावांच्या छातीवरचा हार घसरून धुळीत पडला. कोणीतरी ओरडलं, "कोन्या हरामखोरानं मयतीत फटाके फोडले रे?" मग सगळ्या माना फिरल्या, आणि सगळ्यांना आमची लाल गाडी दिसली.

वर्षाच्या सासूबाईंना, अनसूयाबाईंना, दोन बायकांनी धरलं होतं. त्या मोठ्याने रडत होत्या. तो आवाज झाला आणि त्यांचं रडणं मध्येच तुटलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. शेजारी वर्षा. तिने बापाकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

गजूभाऊंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मी उतरलो. शकुनवहिनींना बाहेर काढायला सीट वाकवावी लागली; व्याह्याच्या मयतीला त्या माउलीला असं सगळ्या गावासमोर ओणवं होऊन निघावं लागलं. पट्ट्यात पदर अडकला, तो मी सोडवला. गजूभाऊ खाली उतरले, पुढे झाले, धुळीतला हार उचलायला वाकले. महेशने तो त्यांच्या आधी उचलला. पोरगा बापाच्या दुःखात होता, तरी त्याने आवाज चढवला नाही. हळूच म्हणाला, "मामा, तुमी राहू द्या. तुमी इथंच थांबा."

मयत पुढे गेली. गजूभाऊ मागून गेले, पण खूप अंतर ठेवून. स्मशानाच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली उभे राहिले आणि धूर दिसला तेव्हा तिथूनच हात जोडले.

परत गाडीपाशी आलो. मी म्हटलं, "बसा, निघू." ते किल्ली हातात घेऊन नुसते उभे होते. म्हणाले, "सर, आता इले चालू कशी करू?" सुरू केली असती तरी ती गुरगुरणारच होती. मग आम्ही दोघांनी ती गाडी ढकलली. वस्ती मागे पडेपर्यंत, उतार लागेपर्यंत. वहिनी चपला हातात घेऊन मागून चालत होत्या. ओट्यांवर माणसं बसलेली होती, कोणी मदतीला उठलं नाही, कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला त्या वेळी वाटलं.

तेरवीला ते एसटीने गेले. दुखवट्याचं लुगडं विहीणबाईंपुढे धरलं. अनसूयाबाईंनी हात पुढे केला नाही. शेवटी वर्षाने खाली बघत ते घेतलं, आणि बापाला दाराआड बोलावून म्हणाली, "बाबा, काही दिवस येऊ नोका. मले इथंच राहाचं हाये." हे मला वहिनींनी सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात ते मला घेऊन परत अकोल्याला गेले. माळ्यावर गोणपाटात ठेवलेला कंपनीचा जुना पाइप बरोबर घेतला होता. "जसं होतं तसं करून द्या," म्हणाले. इम्रानभाईने लॅपटॉप जोडून जुनी आज्ञावली परत भरली, जुना पाइप चढवला. काढलेला पाइप अजून नव्यासारखा होता. त्याच्यासाठी गिऱ्हाईकही तयार आहे म्हणाला. गजूभाऊंनी तो विकायला नकार दिला. गॅस कटर मागवला आणि तुकडे करायला सांगितले. इम्रानभाईला वाईट वाटलं. चांगलं काम होतं ते त्याचं.

"काका, इसमें पाइप का क्या कसूर?"

"पाइपचा नाही गा. कानाचा हाये. कान कापता येत नाही."

तुकडे होईपर्यंत ते समोर बसून राहिले. ठिणग्या उडत होत्या तरी मान वळवली नाही.

त्यानंतर गजूभाऊंची माफी मागायची रीत सुरू झाली, आणि ती बघणं फार जड गेलं. आसेगावचा कोणी माणूस रिसोडच्या बाजारात दिसला की ते त्याला गाठत, हात जोडत. "त्या दिवशीचा मीच. चुकी झाली." तिरडीचा खांदेकरी सोयाबीन घेऊन मार्केटात आला होता, त्याच्या पाया पडले. तो माणूस संकोचाने मागे सरत पोत्यांवर पडला. काही जण लांबून गजूभाऊ दिसले की वाट बदलायला लागले. वहिनी रागावत, "लोक इसरले असते. तुमीच त्यायले इसरू देऊन नाही राह्यले." मंडळातली माणसं मृदंगासाठी बोलवायला आली, तर ते टाळ घेऊन मागच्या ओळीत बसले आणि टाळही असे वाजवत की शेजारच्याला ऐकू जाऊ नये.

हिवाळ्यात एका सकाळी वर्षाचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी. अनसूयाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन वाशीमला ठरलं होतं, महेश तुरीच्या मळणीत अडकलेला, ठरवलेली जीप आयत्या वेळी आली नाही. "बाबा, येता का गाडी घेऊन?"

गजूभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. "सर, चला. मी एकटा त्या गावात नाही जाऊ शकत."

अनसूयाबाई पुढे बसल्या. मी आणि वर्षा मागे अंग दुमडून. गाडीचा आवाज आता शिलाई मशीनएवढाही येत नव्हता, तरी गजूभाऊ असे चालवत होते की जणू काचेच्या बरण्या भरल्यात. वेस आली, वळण आलं, आसेगाव मागे पडलं, तरी तोच वेग. एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आम्हाला ओलांडून गेला. मग एक सायकलवालाही बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला.

अनसूयाबाई तोवर खिडकीबाहेर बघत होत्या. व्याह्यांकडे न वळताच म्हणाल्या, "इवाई, असं चालवसान तं डॉक्टर घरी जाईन."

वर्षाला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. गजूभाऊंनी थोडा वेग वाढवला. आणि तेवढ्याने धीर येऊन त्यांनी सुरुवात केली, "इहीनबाई, त्या दिवशी मी…"

"ते बोलू नोका."

"नाही, पन मले एक डाव…"

"इवाई, ऐका." त्या त्यांच्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमी माफी मांगता तवा मले ते पुन्हा ऐकू येते. गावातला कोनी येऊन सांगते, रिसोडात इवाई भेटले, हात जोडत होते, का मले पुन्हा ऐकू येते. हार पडलेला दिसते. तुमाले मोकळं वाटत असन. मले नाही वाटत." मग त्या म्हणाल्या, "तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा आता. मले देऊ नोका."

गजूभाऊंनी मान हलवली. आरशात मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी परत सोडलं तेव्हा अनसूयाबाईंनी डोळ्यावर पट्टी असतानाही वर्षाला सांगितलं, इवायाले च्या कर. गजूभाऊ उंबऱ्याच्या आत बसून चहा प्यायले. वर्षा संक्रांतीला माहेरी आली.

त्या दिवसानंतर गजूभाऊंनी कोणाचीही माफी मागितली नाही. आसेगावचा माणूस समोर आला तर "रामराम" म्हणून उभे राहत. त्याला वाटलं तर तो बोले, नाही तर पुढे जाई. मला आधी वाटलं, सुटले. पण तसं नव्हतं. चारचौघांत कोणाचं बोलणं एकदम थांबलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आपल्यामुळेच थांबलं असं त्यांना वाटे. पुष्कळदा ते खरंही असे.

मागच्या जूनमध्ये माझी मालेगावला बदली झाली. सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी गजूभाऊ लुंगी खोचून मदतीला आले. कूलर आम्ही दोघांनी उचलला होता, एवढ्यात एक मोटरसायकलवाला गल्लीत शिरला. मागे मोटरपंपाचा खोका बांधलेला. अनोळखी, बाहेरगावचा दिसत होता. गाडी न थांबवताच मोठ्याने विचारलं, "अहो, फटाकेवाल्या गजूचं घर कोन्तं?"

लोक त्यांना पाठीमागे असं म्हणत होते. मला ठाऊक होतं, वहिनींना होतं, सगळ्या गल्लीला होतं. पण त्यांच्या कानावर ते कधी जाऊ दिलं नव्हतं, निदान आमचा तसा समज होता. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या वहिनींचा हात थांबला. समोरच्या दारातली बाई आत गेली. मी काहीतरी खोटं बोलायला तोंड उघडलं.

गजूभाऊंनी कूलरची त्यांची बाजू हळूच जमिनीवर टेकवली. लुंगीला हात पुसले.

"मीच तो," ते म्हणाले. "आना इकडं."

मळ्यासाठी मागवलेल्या पंपाच्या पावतीवर सही केली, खोका ओट्यावर नेऊन ठेवला, त्या माणसाला पाणी विचारलं. मग परत आले, वाकले, कूलरखाली दोन्ही हात घातले आणि मला म्हणाले, "चला सर. उचला."